आधी पाणी, मग खोका

"खोका. मोकळेपणी खोका. इथं कुणी पाव्हणं बसलेलं नाही."

पडद्याआडून मॅडमचं हे वाक्य ऐकू आलं की बाहेर बाकावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. नवीन आलेल्या बाईला वाटायचं, आपण चुकून छातीच्या डॉक्टरकडे नंबर लावला की काय. आत मॅडम एका बुटक्या लोखंडी स्टुलावर, बाईपेक्षा खाली, मान वर करून बसलेल्या असत. त्यांच्यासाठी हॉस्पिटलनं चांगली फिरती खुर्ची दिली होती. तिच्यावर त्यांची पर्स बसायची.

नवी मुंबईतल्या मेडिकल कॉलेजच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. स्त्रीरोगाची पदवी घेऊन मी सांगलीहून आले होते आणि आता त्यातलंही एक पोटविशेष शिकणार होते. शाखेचं नाव यूरोगायनॅकॉलॉजी. माझ्या आईला ते अजून उच्चारता येत नाही, ती 'बायकांच्या लघवीचं' म्हणते आणि बरोबर म्हणते. खोकताना, हसताना लघवी सुटणं, अंग बाहेर येणं, बाळंतपणातली इजा जन्मभर वागवणं, असं सगळं जे बायका आपल्या सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत, ते आमच्याकडे यायचं.

यायचं म्हणजे, आलं तर यायचं. तुमच्या नात्यातही अशी एखादी असणारच, बघा आठवून. लग्नात ती नेहमी कडेची खुर्ची धरते, बाथरूम कुठं आहे ते आधी विचारून ठेवते, फिरायला चला म्हटलं की तिचे गुडघे दुखतात. आपण तिला माणूसघाणी म्हणून मोकळे होतो. मॅडम म्हणायच्या, तिला फक्त एवढंच विचारा की घरातून निघताना पाणी पिऊन निघालीस का. ती नाही म्हणेल.

आणि रिकाम्या मूत्राशयानं कितीही खोकलं तरी काही कळत नाही, म्हणून त्यांच्या स्टुलाशेजारी एक माठ होता. हॉस्पिटलच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या माठावर आक्षेप घेतला, तेव्हा मॅडमनी त्यांनाच एक ग्लास भरून दिला आणि हे आमच्या विभागाचं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण आहे असं सांगितलं. साहेबांनी पाणी पिऊन टाकलं. माठ राहिला.

आम्हा शिकणाऱ्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी सांगली, माझ्या बरोबरची नांदेड. चिडल्या की दोघींनाही 'डॉक्टरीणबाई'. मी पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई झाले, कारण केसपेपरवर मी 'गळती' असा शब्द लिहिला होता. "गळती नळाला असते," त्या म्हणाल्या. "ती काय म्हणाली ते लिही." त्यांचा नियमच होता, केसपेपरची पहिली ओळ बाईची. तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत. निदान वगैरे आपले दागिने त्याच्या खाली. तो नियम मला तेव्हा हौशी वाटायचा. पुस्तक पाठ असलेल्या माणसाला तसं वाटतंच.

एकदा त्या आम्हाला सकाळी वाशीच्या एपीएमसी बाजारात घेऊन गेल्या. मला वाटलं आंबे घ्यायचे असतील. त्या थेट मसाला मार्केटात शिरल्या, लाल मिरचीच्या पोत्यांच्या गल्लीत. तिथं पाऊल टाकताच आम्ही तिघी खोकायला लागलो. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता बघा. इथं सगळ्याच खोकतात. कोण कशी खोकते ते बघा." मिरच्या निवडणाऱ्या बायका बसल्या होत्या, काही उभ्या होत्या. त्यातली एक खोकला आला की झटकन पायावर पाय टाकून उभी राहायची. खोकला गेला की पाय सुटे. मॅडमनी तिच्याकडून पाव किलो मिरची घेतली आणि जाताना तिच्या हातात ओपीडीचा वार लिहिलेला कागद ठेवला. ती पुढच्या बुधवारी आली. मिरची मात्र मॅडमनी आमच्याच गळ्यात मारली.

आता मी जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले ती बाई.

ती जवळच्याच नावडे गावची. साठीकडे झुकलेली, उंच, नाकात मोठी नथ. गावातली धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात मांडवापासून पाठवणीपर्यंतचे विधी जिच्या गाण्यावर चालतात ती बाई. त्या गाण्यांना धवले म्हणतात. भटजी नसला तर लग्न थांबेल की नाही मला माहीत नाही, पण धवलारीण नसली तर थांबतं, असं मला तिच्या सुनेनंच सांगितलं. पण हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मला एवढंच दिसलं की समोर एक आगरी बाई बसली आहे, शेजारी सून आहे आणि बाई जमिनीकडे बघते आहे.

मी विचारलं, लघवीचा काही त्रास? ती म्हणाली, "नाय." मग काय होतं? पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "माजा गाना बंद झाला."

सुनेनं लगेच भर घातली की यांचा गळा बसलाय, वर्ष होऊन गेलं. नियमाप्रमाणे मी पहिली ओळ लिहिली आणि नियमाचा अर्थ काय याचा विचार न करता तिला कान-नाक-घशाकडे पाठवून दिलं. वर 'चुकून या विभागात आल्या' असा शेराही मारला. मला त्या दिवशी आपण फार झटपट काम केलं असं वाटलं होतं.

आठवड्यानं सासू-सून तोच केसपेपर घेऊन परत आल्या. घशावाल्यांनी लिहिलं होतं, गळा उत्तम. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि मला शांतपणे विचारलं, "डॉक्टरीणबाई, गळा दाखवायला निघालेली बाई आधी आपल्या दारात का येऊन बसली असेल?"

मला त्या प्रश्नाची आजही लाज वाटते आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

मॅडमनी सुनेला औषधांच्या रांगेत पाठवलं. तिथून ती तासभर येणार नव्हती. मग माठातलं पाणी दिलं, एक ग्लास, दुसरा, तिसरा. स्टुलावर बसून इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या साली एका लग्नात पाटावर बसून धवला म्हणताना तिची साडी ओली झाली होती. गळा बसला असं सांगून ती उठली, ती परत कुठल्याच मांडवात बसली नाही. घरच्यांनीही गळाच धरून ठेवला. आणि आता नातीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. "आख्ख्या गावाच्या पोरींची लग्ना मी लावली," ती म्हणाली. "माज्या नातीला दुसरी धवलारीन आनतील."

मॅडमनी तिला उभं करून खोकायला सांगितलं. थेंबही आला नाही. मी मनातल्या मनात सुटले, म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सांगली, ती खोकताना आवळून धरते. इतक्या वर्षांची सवय आहे. गाताना कोण आवळून धरील?" आणि तिच्याकडे वळून, "बाय, एक धवला म्हण."

ती मागे सरली. म्हणाली, "मांडवाशिवाय धवला म्हनत नाय."

ते तिचं व्रत होतं, थट्टेचा विषय नव्हता. मॅडमनीही थट्टा केली नाही. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, मग उठून तपासणीच्या टेबलाभोवतीचा हिरवा पडदा सगळीकडून नीट ओढून घेतला, त्याचं टोक वरच्या दांडीवरून टाकलं आणि म्हणाल्या, "हा मांडव. चालेल?"

बाईनं त्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणायला लागली. वर्षभर न वापरलेला तो आवाज. बाहेरची कुजबुज थांबली. दुसऱ्या ओळीला तिचा श्वास लांबला आणि तिच्या पायाशी अंथरलेला कागद भिजला. ती थांबली, रडायला लागली. मॅडम तिचे हात धरून म्हणाल्या, "सापडलं. आता रडायचं कारण संपलं."

तीन महिने तिनं खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम इमानेइतबारे केला. खूप फरक पडला, पण गाण्याला पुरेल इतका नाही. मार्गशीर्षात ऑपरेशन ठरलं. लघवीच्या वाटेखाली एक बारीक पट्टी बसवायची, झोळीसारखी. काम छोटं, पण हाताचं. पट्टी सैल राहिली तर मांडवात पुन्हा तेच. घट्ट झाली तर लघवीच होणार नाही आणि बाई नळी लावून फिरेल. मॅडमचं त्यावरचं वाक्य आमच्या कानात बसलेलं होतं: "ओढू नका, ठेवा."

त्या दिवशी हात धुवायला मी बेसिनपाशी गेले तर मॅडम आल्याच नाहीत. त्या थिएटरात होत्या, पण बाईच्या उशाशी, त्याच बुटक्या स्टुलावर. मी विचारलं, तुम्ही हात धुणार नाही? "माझं काम वर आहे," त्या म्हणाल्या. "खालचं तुझं."

मी घाबरले होते, हे कबूल करते. मीच जिला गळा तपासायला पाठवलं होतं, ती बाई माझ्यासमोर झोपली होती. पाठीतून सुई दिलेली, पण पूर्ण जागी. पट्टी जागेवर आली. मूत्राशय पाण्यानं भरून घेतलं. आता नेहमीचा 'खोका' येणार म्हणून मी थांबले. तो आला नाही.

"बाय," मॅडम म्हणाल्या, "मांडव घातलाय."

बाईनं तिच्या नि माझ्या मध्ये आडव्या बांधलेल्या हिरव्या चादरीकडे पाहिलं. भुलेच्या डॉक्टरांनी मशीनचा आवाज बारीक केला. आणि तिनं धवला सुरू केला.

दुसऱ्या ओळीला एक थेंब दिसला. माझी बोटं पट्टीकडे गेली, तेवढा थेंब थांबवायला ती चांगली ओढून घ्यावी असं मनात आलं. चादरीपलीकडून मॅडमना माझी बोटं दिसत नव्हती, तरी आवाज आला, "ठेव." मी केसभर सरकवली आणि ठेवली. तिसरी ओळ. चौथी. तिचा आवाज चढत गेला, श्वास लांबत गेला आणि खाली सगळं कोरडं होतं. मी तशीच बघत राहिले. पट्टीची टोकं कापायला सिस्टरनी कात्री पुढे केलेली मला दिसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली आणि तिला माठातलं पाणी पाजलं. मी वॉर्डात उगाचच फेऱ्या मारत होते. तासाभरानं ती स्वतःच्या पायानं बाथरूमला गेली आणि बाहेर येऊन दारातूनच मान हलवली. पलीकडच्या खाटांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. लघवी झाली म्हणून टाळ्या वाजवणारा वॉर्ड तुम्ही दुसरीकडे पाहिला असेल तर मला कळवा.

मार्चअखेर मॅडम हॉस्पिटल सोडून गेल्या. मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात हा विभागच नव्हता, तो उभा करायला. आम्ही रडवेल्या झालो तर म्हणाल्या, इथं आता तुम्ही आहात, तिकडे कुणी नाही. जाताना माठ ठेवून गेल्या. स्टूल मात्र घेऊन गेल्या. ते त्यांनी पहिल्या पगारातून घेतलेलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. मी वाशीला जाऊन तसंच बुटकं स्टूल शोधून आणलं. फिरत्या खुर्चीवर आता माझी पर्स असते.

वैशाखात नावड्याला गेले. मांडवाचा दिवस, सकाळची वेळ. अंगण बायकांनी भरलेलं. नात हळदीच्या पाटावर आणि तिच्या शेजारच्या पाटावर ती, नथ घालून, ताठ बसलेली. कडेला नाही, मधोमध. ती म्हणत होती आणि साऱ्या बायका मागून सूर ओढत होत्या. दीड तास झाला तरी ती उठली नव्हती. मी फोनवर थोडं रेकॉर्ड केलं आणि मॅडमना पाठवलं. वाटलं, आता शाबासकी येईल.

लगेच उत्तर आलं. "ऐकलं. पाणी?"

मी मान वर केली. एक धवला संपला होता. सुनेनं पितळी तांब्या पुढे केला होता आणि धवलारीण तो दोन्ही हातांनी धरून, भर मांडवात, सगळ्या गावासमोर, घटाघटा पीत होती. मी लिहिलं, "तांब्याभर." पाठवून वर पाहिलं तर रिकामा तांब्या तिनं सुनेच्या हातात दिला होता आणि पदरानं तोंड पुसून ती पुढचा धवला म्हणायला लागली होती.