आमच्या घरमालकांची आयरीन

जगातल्या कुठल्याही वस्तूला आयरीन हे एकच नाव पुरतं, असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि मी गोराईत त्याच्याच घरात भाड्याने राहतो. घरमालकांची बायको आयरीन वारली, तेव्हापासून त्यांची होडी आयरीन आहे, विहिरीवरचा पंप आयरीन आहे आणि वायफायचा पासवर्डही तोच. मी गावाकडून नवीनच आलो होतो तेव्हा एकदा म्हणाले, "आयरीन सकाळपासून अंड्यांवर बसलीय, तिला त्रास देऊ नको." कोंबडी दिसेपर्यंत मी काळजीत होतो.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणतात. त्या शिक्षणाचं चीज करण्याची संधीही त्यांनीच दिली. त्यांच्या मुलाला मुलगी झाली होती, आणि पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवायचं, ही त्यांच्याकडची रीत. पण भांडुपहून आलेल्या सुनेला 'कायरा' हवं होतं. "ग्रॅज्युएट, आयरीनचा अर्थ शोध. मोठा निघाला पाहिजे. नाहीतर माझ्याकडे कोंबडीच उरेल रे."

मी बोरिवलीच्या वाचनालयात दोन रविवार बसलो. बाप्तिस्म्याच्या आधी सगळे जेवायला जमले, तेव्हा उभा राहून सांगितलं, की हे नाव प्राचीन ग्रीकांचं. आयरीन ही त्यांची शांतीची देवी. पुढे ते राण्यांनी घेतलं, संतिणींनीही.

"मम्मी? शांती?" घरमालकांच्या मुलाचा घास हातातच राहिला. "तिने घरातून हाक मारली की जेट्टीवरची बोट थांबायची!"

घरमालकांनी गंभीरपणे मान हलवली. "ग्रीकांना आमची भेटली नव्हती."

मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

सगळे हसले. सून मात्र हसली नाही, नवऱ्याला म्हणाली, "आपल्या लग्नाला सगळे नको म्हणत होते. पप्पा, तुम्हीसुद्धा. माझ्यासाठी घर डोक्यावर घेतलं ते एकट्या मम्मीनेच." तिने मांडीवरच्या मुलीचं टोपडं सारखं केलं. "ठेवा आयरीन."

बाप्तिस्मा झाला. संध्याकाळी बाळ रडायला लागलं, तशी सुनेने अंगणातूनच मोठ्याने हाक दिली, "आयरीन! ए आयरीन!" पाहुण्यांशी बोलता बोलता घरमालक थांबले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पाळण्याकडे निघाले.

"आलो गं, आलो," म्हणाले. ते नेमकं कोणाला, हे मी विचारलं नाही.