न जुळलेलं नाव

अमिता मुजुमदारचा थकवा आता घरातल्या माणसासारखा झाला होता. सकाळी राजेंद्र नगरहून निघताना तो सोबत असायचा आणि संध्याकाळी तिच्याआधी घरात शिरायचा. वय पन्नाशीला टेकलेलं, कंपनी सॉफ्टवेअरची, आणि भोवतालची सगळी मुलं तिच्या भाच्यांच्या वयाची. त्यातून तिच्या डिग्रीवर नाव सुरभी बर्वे. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने 'अमिता' लिहिलं आणि सुरभी संपली. पण कागदोपत्री सुरभी काही संपेना. दर नव्या नोकरीत कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, ये सुरभी कौन है?" एका मांडवातून मी दोन बायका आणल्या, असं नवरा गमतीने सांगायचा. त्यावर हसायचाही तिला आता कंटाळा आला होता.

सध्या तिच्याकडे एका खासगी हॉस्पिटलचं काम होतं. तिथे गुडघ्यांच्या सांधेदुखीवरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी चालू होती. रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर यायचे आणि चाचणीचं सॉफ्टवेअर वेगळं. चाचणीचं काम बघणारा लक्ष्मीकांत एकातलं वाचून दुसऱ्यात टाईप करत बसायचा. ही दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी आपापली बोलायला लागावीत म्हणून मध्ये एपीआयचा दुवा बसवायचा, हे अमिताचं काम. रिपोर्टवरचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख चाचणीतल्या रुग्णाशी जुळली की रिपोर्ट पलीकडे जाणार, नाही तर बाजूला पडणार, असा नियम तिनेच घातला होता. या औषधाने कुणाकुणाचं लिव्हर बिघडतं. तसा रिपोर्ट आला की इंजेक्शन ताबडतोब थांबवायचं, आणि तो रिपोर्ट वेळेवर पोचावा म्हणूनच तर ही सगळी यातायात.

दुवा चालू करायच्या दिवशी सकाळी तिने हॉस्पिटलात बसून मागच्या महिनाभराचे रिपोर्ट त्यातून सोडून पाहिले. बहुतेक नीट गेले, थोडे बाजूला पडले. तिचा साहेब जयेश फोनवर म्हणाला, ते दुसऱ्या वॉर्डांचे असतील, हॉस्पिटल तर शेकडो लोकांचं आहे, तुम्ही चालू करून टाका. अमितालाही तेच हवं होतं. बाजूला पडलेल्यांवर तिने नजरसुद्धा फिरवली नाही. बटण दाबलं, रिपोर्ट भराभर जायला लागले, लक्ष्मीकांतने खुशीत कचोऱ्या मागवल्या.

कचोरी हातात असतानाच देवासहून भावाचा फोन आला. आई गेल्यापासून सुरभी म्हणून हाक मारणारा तो एकटाच उरला होता. रविवारी येतेस का, त्याने विचारलं. जमणार नाही रे, फार थकलेय, ती म्हणाली. "सुरभी, तू नेहमी थकलेलीच असतेस," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तिला वाईट वाटलं. आणि लगेच तिने कचोरी खाली ठेवली. जिला स्वतःला दोन नावं, तिनेच नावावरून माणूस ओळखायचा नियम लिहिला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने बाजूला पडलेले रिपोर्ट उघडले आणि नाव सोडून बाकीचं जुळवत गेली. एक रिपोर्ट सापडला. जनाबाई पवार, पत्ता महूचा. हॉस्पिटलच्या नोंदीप्रमाणे मागच्या आठवड्यात रात्रभर उलट्या झाल्या म्हणून भाच्याने इथे आणलं होतं. लिव्हरचे आकडे कितीतरी वर चढलेले. आणि चाचणीत एक शारदा पवार होती, इथल्याच परदेशीपुऱ्यातली, जन्मतारीख तीच, एक जानेवारी, वर्षही तेच. शारदाचं इंजेक्शन आज होतं. ती बाहेर बाकावर नंबरची वाट बघत बसली होती.

लक्ष्मीकांतला हे काही पटेना. "मॅडमजी, ही अलग बाई आहे. एक जानेवारीचा तर आधा परदेशीपुरा आहे. आधारवाल्यांनी ज्याला तारीख माहीत नाही त्याला एक जानेवारी चिपकवून दिली. आणि मी सकाळी विचारलं ना तिला, बीचमध्ये कुठे दाखवलं का. नाही म्हणाली."

तो म्हणत होता त्यात खोट नव्हती. पुन्हा विचारलं तरी म्हातारी नाहीच म्हणणार. अमिता उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. बाकावर तीन-चार बायका होत्या. तिने साधीच हाक मारली, शेजारणीला मारावी तशी. "जनाबाई."

कडेच्या म्हातारीची मान वळली. पाठोपाठ ती गुडघ्यावर हात न ठेवता झटकन उठली. चेहरा असा उजळला की अमितालाच बघवेना.

"कोण आलंय महूहून?" तिने विचारलं.

कुणी नाही, मीच हाक मारली, असं म्हणून अमिताने तिला परत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मागे लक्ष्मीकांत रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे धावला. मग म्हातारीने हळूहळू सगळं सांगितलं. महू तिचं माहेर. तिथल्या भाच्याला तिचं लग्नात ठेवलेलं शारदा हे नाव ठाऊकच नव्हतं, त्याची ती जनाआत्या; आडनाव आणि जन्मतारीख तेवढी तिने सांगितली होती. उलट्यांचं तिने इथे लपवलं, कारण चार वर्षांनी ती वरच्या मजल्यावर आपली आपण चढायला लागली होती.

"आता सुई बंद करतील ना?" तिने विचारलं.

अमिताला खोटं बोलता आलं नाही. बहुतेक करतील, ती म्हणाली. लिव्हरचंही तिने समजावून सांगितलं. ते ऐकून म्हातारीने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बंदच करायचं होतं तर शारदा म्हणून सांगायचं होतं. त्या नावाने कशाला बोलावलंस, बाई?"