मामांचा वस्तरा आणि ब्लेडचा वस्तरा

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, उद्यमनगरातल्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर काम करत होते. घरी त्यांची हौस म्हणावी अशी एकच वस्तू होती: सलग पोलादी पात्याचा जुना वस्तरा. रोज सकाळी खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून ते त्यावर वस्तरा वर-खाली फिरवायचे. मग आरशात जेमतेम बघून, एकदाही न अडखळता दाढी करायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना वाढलेल्या दाढीत कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पांढरी दाढी चांगलीच वाढलेली होती. बघायला येणाऱ्यांकडे ते पाठ करून झोपायचे. माझ्या नवऱ्याला वाटलं, आजारपणानं खचलेत. मला वाटत होतं की त्यांना स्वतःच्या तोंडाची लाज वाटतेय.

नवऱ्यानं कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं. वर्षानुवर्षं ओळखीचा माणूस. त्यानं मामांसमोरच नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवलं आणि म्हणाला, "आण्णा, बघा, कोरं हाय की!"

मामांनी ओठ घट्ट मिटले आणि डाव्या हातानं फळीकडे बोट केलं. तिथं त्यांचा वस्तरा होता. सलूनवाल्यानं तो उघडला, अंगठ्यावर हलकेच टेकवून बघितला आणि मिटून माझ्या हातात दिला.

"न्हाय वैनी. ह्यो माझ्या बापाच्या काळातला. मी धंद्यात आलो तवा ब्लेडचंच चालू झालंतं. एका माणसाला एक पातं, दाढी झाली की टाकून द्यायचं. ते बरंच हाय, कुणाचा रोग कुणाला जात न्हाय. पण ह्यो मी कधी चालवला न्हाय. त्यात आण्णांना रगात पातळ करायच्या गोळ्या. माझं धाडस व्हत न्हाय."

एवढ्या वर्षांचा कसलेला माणूस सरळ सांगत होता की हे मला येत नाही. मला तो त्या क्षणी फार आवडला. मामांनाही पटलं असावं. त्यांनी हनुवटी वर केली.

सलून सोमवारी बंद असतं, म्हणून तो दर सोमवारी यायला लागला. पण मामांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, वाढलेल्या खुंटांत ती सुकून कातडी लाल व्हायची. दाढी रोज व्हायला हवी होती. नवऱ्याला रक्ताचा थेंब दिसला तरी भोवळ येते. शेवटी मी म्हटलं, "मला शिकवा."

सलूनवाला हसला नाही. पुढच्या सोमवारी येताना त्यानं फुगे आणले. "ह्याला साबण लावा न् काढा. फुगा फुटला न्हाय की मग आण्णांकडं या." पहिला फुगा असा दणक्यात फुटला की शेजारीण धावत आली. पण मी ब्लाउज शिवते, दिवसभर हातात कात्री असते. पातं कसं तिरकं धरायचं ते हळूहळू कळत गेलं.

तरी पहिल्या दिवशी मामांसमोर बसले आणि हात उचलेना. आजवर मी त्यांच्या पायांना हात लावला होता, गालाला नाही. तेही छताकडे बघत होते. मग मी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि साबण फेसायला घेतला.

ब्लेडचा वस्तरा हातात असून नसल्यासारखा हलका. धार अशी की जरा कोन बदलला की लगेच चावतो. जबड्याच्या वळणावर चावलाच. गोळ्यांमुळं रक्त थांबेना. मी तुरटी दाबून धरली. मामा एकेक शब्द जोडत म्हणाले, "शिवताना... सुई... टोचत न्हाय व्हय तुला?"

आजारपणानंतरचं ते त्यांचं पहिलं पुरं वाक्य. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही.

हात बसल्यावर एका सकाळी त्यांनी पुन्हा फळीकडे बोट केलं. या वेळी मी वस्तरा काढला. आधी पट्टा. वरचं टोक गजाला, खालचं मामांनी डाव्या हातात ताणून धरलं. मी वस्तरा धारेच्या बाजूनं पुढं ढकलला, तशी त्यांनी पट्टा सैल सोडून मान हलवली. "पाठ म्होरं... धार मागं." टोकाला आल्यावर तो पाठीवरच पालटायचा, धारेवर कधीच नाही. कितीतरी सकाळी आम्ही नुसता पट्टाच घासला. दाढी ब्लेडनंच.

मग एकदा त्यांनी मान डोलावली. मी तो वस्तरा त्यांच्या गालाला लावला आणि चकित झाले. मला दाबावंच लागत नव्हतं. पातं स्वतःच्या वजनानं खाली उतरत होतं आणि खुंट कापले जाताना बारीक करकर ऐकू येत होती. त्या आवाजावरून कळायचं, कोन बरोबर आहे की नाही. दाढीनंतर कातडी लाल झाली नाही. मामांनी डाव्या तळव्यानं गाल चाचपला आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला.

त्यानंतर घाईच्या दिवशी ब्लेड आणि निवांत असेन तेव्हा मामांचा वस्तरा, असं चालू झालं. मला वाटायचं, ब्लेडचा ते निव्वळ माझ्यासाठी सहन करतात.

पण एका सकाळी मी साबण लावून झाल्यावर त्यांनी डावा हात पुढं केला. मी त्यांचा वस्तरा दिला. तो बाजूला ठेवून त्यांनी ब्लेडचा मागितला.

"मामा, ह्यो?"

"त्यो जड हाय... हात दमतोय. एका हातानं... पट्टा बी जमत न्हाय. ह्यो बरा."

आयुष्यभर स्वतः लावलेल्या धारेशिवाय काही हातात न धरलेला माणूस अर्ध्या ब्लेडचा वस्तरा डाव्या हातात घेऊन आरशात बघत होता. कातडी ताणायला दुसरा हात लागतो, तो मी दिला. मी गाल ताणला, त्यांनी पातं खाली आणलं. फार हळू. कानाशी थोडे केस राहिले, ते बोटांनी शोधून त्यांनी पुन्हा काढले. एक गाल होईपर्यंत कपाळावर घाम आला. दुसरा मी केला.

सोमवारी सलूनवाला आला, त्यानं दोन्ही गालांवरून बोटं फिरवली. "वैनी, उजवी बाजू येगळी वाटतीय."

"मी," मामा म्हणाले.

त्यानं जागच्या जागी त्यांना नमस्कार केला. मग मामांच्या वस्तऱ्याकडे बघत म्हणाला, "आण्णा, मला त्यो जुना शिकवशीला?"

तेव्हापासून सोमवारी आमच्याकडे गजाला पट्टा अडकतो. सलूनवाला वस्तरा फिरवतो, मामा पट्टा धरून चुका काढतात, आणि बोलता बोलता त्यांची जीभ पूर्वीपेक्षा मोकळी होत चाललीय. मी मशीनवर बसून ऐकते. परवा त्यानं स्वतःच्या मनगटावरचे केस काढून बघितले. आता गालाला लावू का, विचारत होता.

"न्हाय," मामा म्हणाले. "अजून पट्टा घास."