आरास न हलवता

आई गेल्यावर सात महिने फिश टँकमधल्या खड्यांना कुणी हात लावला नव्हता. वरून पाणी बरं दिसायचं, पण तळाचे पांढरे खडे काळपट झाले होते आणि झाकण उघडलं की गटारासारखा वास यायचा. पाच माशांपैकी दोन मेले. उरलेले तीन वर येऊन तोंडं उघडून हवा घेत होते, आणि त्यांच्यासमोर बाबा खुर्ची टाकून बसलेले असायचे.

बाबांचा जेवणाचा नियम असा, की "आधी मासे, मग मी." स्मरण जात चाललेल्या माणसाच्या नेमकं नको ते लक्षात राहतं. आपण जेवलो का हे त्यांना आठवत नसे, मी मुलगी की पाहुणी हेही कधीकधी आठवत नसे, पण माशांनी दाणे टिपले की नाही हे पक्कं ठाऊक. त्या आठवड्यात मासे दाण्यांकडे ढुंकून बघत नव्हते, म्हणून बाबा ताटाकडे बघत नव्हते. चहाबिस्किटावर तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी खुर्चीतून उठताना त्यांना धरावं लागलं, आणि मी पुरती घाबरले. पुण्याहून लॅपटॉप घेऊन आईबाबांच्या घरी, बरकतपुऱ्यात येऊन राहिले होते ते त्यांना सांभाळायला, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत उपाशी राहत होते.

खडे धुवायचे, एवढंच काम होतं. पण त्या खड्यांवर आईची आरास होती. चैत्रगौरीपुढे मांडतात तशी तिनं ती पाण्यात मांडली होती. चिनी मातीचं देऊळ, एक पूल, चोच उडालेलं बदक, डोक्यावर घागर घेतलेली बाई. गौरीपुढची आरास महिन्याभरात आवरतात, ही सोळा वर्षं जागच्या जागी होती. "मांडलेली आरास हलवायची नाही," असं ती म्हणायची आणि दर रविवारी एकही खेळणं न हलवता खडे लख्ख करायची. कसे, ते मी कधी उभं राहून पाहिलं नाही. मला माशांची किळस होती आणि आईच्या शिस्तीचा कंटाळा.

पहिल्याच महिन्यात मी बदक घासायला बाहेर काढलं होतं आणि परत ठेवताना त्याचं तोंड दुसरीकडे झालं. बाबांनी टँककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे घर आपलं नाही," म्हणाले, आणि पिशवीत धोतर भरून दोन दिवस दाराशी बसले. "चल की, आपल्या घरी जाऊ." बदक सरळ केलं तेव्हा कुठे पिशवी सुटली. त्यानंतर पाण्यात हात घालायची माझी छाती झाली नाही.

आणि रोजचा एक प्रश्न असायचाच, "ती कुठंय?" मी खरं सांगायची. आजारी माणसाला लहान मूल समजून फसवणं मला पटत नव्हतं. "बाबा, आई गेली." ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकत, आणि दर वेळी तितकंच रडत. मीटिंग चालू असताना दोन-तीनदा मी हे चिडून सांगितलंय. त्याची लाज अजून गेली नाही.

शेवटी नल्लकुंट्यातल्या माशांच्या दुकानात गेले. सगळं बाहेर काढून, तांदूळ धुतात तसे पाणी नितळ होईपर्यंत खडे धुवायचे, असा माझा बेत मी दुकानदाराला सांगितला. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला.

"चावल है क्या आपा? पूरे कंकर नक्को निकालो. मैल के साथ अच्छी चीज बी धुल जाती, मछलियां मर जाते. नली से खींचो, आधा आज, आधा अगले हफ्ते."

"और उप्पर का सामान?" मी जवळजवळ ओरडलेच. "वो हिला तो घर में आदमी मर जाएगा."

तो चिडला नाही. "पहले कौन करते थे?"

"अम्मी."

"फिर उनकी नली घर में च होंगी. ढूंढो."

न्हाणीघरात खिळ्याला ती होती. पारदर्शक पाइप, एका टोकाला कापलेल्या बाटलीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. त्याच खिळ्यावर मी आले तेव्हा लांब दांड्याचं एक उलथनंही होतं. उलथनं न्हाणीत कशाला, आईला विसर पडायला लागला असेल, असं म्हणून मी ते स्वयंपाकघरात नेलं होतं. सात महिने मी त्यानं डोसे उलटत होते.

रविवारी दुपारी बाबा झोपल्यावर सुरुवात केली. औषधाचा वास जावा म्हणून नळाचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत भरून ठेवलं होतं. रिकामी बादली जमिनीवर ठेवून पाइप तोंडानं ओढला, आणि सात महिन्यांची घाण थेट तोंडात आली. थुंकले, पुन्हा ओढला. धार लागली. बाटलीचं तोंड खड्यांत खुपसलं की खडे आत खुळखुळत चढायचे, पाइप चिमटीत दाबला की खाली पडायचे आणि काळा गाळ तेवढा निघून जायचा. मोकळ्या जागी सोपं होतं. बदकापाशी आले तर त्याच्या पायाखालचे खडे सरकले आणि ते कलायला लागलं.

मी झटकन पाइप चिमटीत दाबला आणि बदक थांबलं. आणि मग ते उलथनं कशासाठी होतं ते कळलं. स्वयंपाकघरातून ते घेऊन आले. डाव्या हातानं ते बदकाच्या पाठीवर सपाट दाबून धरायचं, उजव्या हातानं बुडखा साफ करायचा, खडे बसेपर्यंत हात काढायचा नाही. बदक, देऊळ, पूल, घागरवाली, सगळं तसंच केलं. मी रडत होते. आईला हे एकदा तरी विचारायला हवं होतं, असं सारखं वाटत होतं.

आरास होती तो पुढचा अर्धा भाग झाला; मागचा पुढच्या रविवारी. बशीवर धार धरून, गढूळ होऊ न देता, नवं पाणी भरलं.

बाबा उठून खुर्चीत बसले. मी खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्यामागे उभी. ते एकेक वस्तू पाहत गेले. मी दाणे टाकले. एक मासा आला, त्यानं टिपला. मग दुसरा आला. बाबांचा चेहरा उजळला.

"आली का ती?"

मला कळलं नाही.

"खडे धुतले की तिनं. तिच्याशिवाय कुणाला जमतंय हे." मग स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाले, "अगं, चहा टाक. आणि जेवायला वाढ, भूक लागली."

दोन शब्दांचं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. शंभर वेळा म्हटलेलं. मी ताट आणलं. बाबांनी दीड पोळी खाल्ली, वर भात मागून घेतला. मी दोन कप चहा आणून ठेवला. त्यांनी आपला उचलला आणि दुसऱ्याकडे पाहिलं.

"कुठं राहिली ती?"

माझ्या हातांना अजून गाळाचा वास येत होता.

"हात धुतेय," मी म्हणाले.

"मग तिचा झाकून ठेव. गार होईल."

मी बशीनं कप झाकला.