मेंढरांचं पाणी आणि आप्पांचा डबा

काशिनाथआप्पा गेल्याचं मला परळीच्या चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. वर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, खाली 'शोकाकुल' म्हणून आणखी एक रांग, आणि मधे उरलेल्या जागेत, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आप्पा. त्यांच्या नावाखाली छापलं होतं, 'ग्रामीण भागातील संगणक क्रांतीचे जनक'. शोकाकुलांच्या रांगेतला तिसरा फोटो त्यांच्या गावच्या माजी सरपंचाचा होता. याच माणसानं भर पारावर आप्पांची टर उडवली होती आणि लोक पोट धरून हसले होते. स्कूटर कडेला घेऊन मी तो फ्लेक्स बराच वेळ बघत राहिलो. एवढी माणसं एका मेलेल्या माणसाच्या आडून स्वतःचे फोटो लावतात, हे बघून किळस आली... मग लक्षात आलं, माझा फोटो तिथं नाही, एवढाच काय तो त्यांच्यात आणि माझ्यात फरक.

आप्पा धर्मापुरीच्या अलीकडच्या एका गावात गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हे. सरकारी भाषेत 'व्रणोपचारक', म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, डॉक्टर साहेब तालुक्याला गेलेले असले (आणि ते कायम गेलेलेच असत) तर इंजेक्शनही देणारा माणूस. घर लिंगायत वाण्याचं, थोरले दोघे भाऊ किराणा दुकानात, आणि हा धाकटा मॅट्रिक होऊन मेंढ्यांच्या खुरांना औषध लावत बसलेला, म्हणून घरातही त्यांना फारशी किंमत नव्हती. अंगावर कायम फिनेलचा वास. गळ्यात लिंग, खिशात टॉर्च, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची सवय.

माझी त्यांची ओळख नव्वदच्या दशकातली. देश उघडला म्हणून सगळे बोलत होते. गल्लीगल्लीत एसटीडी बूथ आले होते, घरांवर केबलच्या वायरी लोंबत होत्या आणि परळीत मी संगणकाचा क्लास काढला होता. काचेचं दार, दाराबाहेर चपला, आत हिरवा गालिचा, आणि प्रत्येक मशीनवर बायकोनं शिवलेलं मखमली आवरण. तीन महिन्यांत तज्ज्ञ करू, असं मी बोर्डावर लिहिलं होतं. प्रत्यक्षात पोरं तीन महिने पडद्यावर सूर्यास्त रंगवायची, आणि शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र घेऊन जायची. त्या प्रमाणपत्रावर नोकरी लागलेला एकही विद्यार्थी मला आठवत नाही. पालकांनी विचारायला हवं होतं, कुणी विचारलं नाही. एसी होता ना!

क्लासच्या मागच्या बोळात दोन जुनी मशीनं पडली होती. औरंगाबादेत कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेली, मी हौसेनं आणलेली. त्यांच्यावर नवं रंगीत विंडोज चालत नव्हतं, काळ्या पडद्यावर नुसती पिवळी अक्षरं उमटत. मला ती बघायचीही लाज वाटे. एके दिवशी आप्पा भाच्याच्या प्रवेशासाठी आले आणि भाच्याला आत सोडून बोळात जाऊन उकिडवे बसले.

"सर, हे जुनं झालंय का बिघडलंय?"

"जुनं झालंय, आप्पा. टाकाऊ आहे."

"म्हंजी चालतंय?"

"चालतं. पण उपयोग काय त्याचा?"

"उपयोग मशीनला आसतो व्हय, सर? कामाला आसतो." असं म्हणून त्यांनी मशीनच्या पाठीवर गुराच्या पाठीवर फिरवावा तसा हात फिरवला. "न्हेऊ का मी?"

मला बोळ मोकळा व्हायला हवा होता. त्यांनी ते धूड घोंगडीत गुंडाळलं, एसटीत मांडीवर घेऊन बसले. दुसरं मशीन आणि घरघरणारा प्रिंटर पुढच्या बाजाराच्या दिवशी नेला. मी आणि माझा सहकारी काचेतून बघत हसत होतो. "आता म्हशी विंडोज शिकतील," असं काहीतरी मी म्हणालो होतो. विनोद म्हणूनही तो भिकार होता.

पुढची काही वर्षं आप्पा दर सोमवारी यायचे. त्यांना इंग्रजी येत होतं ते औषधांच्या बाटल्यांवरचं. तेवढ्यावर त्यांनी माहिती साठवायच्या प्रोग्रामची माझ्याकडची जाड पुस्तिका शब्द शब्द लावत वाचली. मी स्वतः ती कधी उघडली नव्हती. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मला येत नसत, तेव्हा मी म्हणायचो, "आप्पा, हे आता कोणी वापरत नाही." ते मान डोलावून जायचे आणि पुढच्या सोमवारी उत्तर घेऊन यायचे. दोन मशीनं खोलून त्यांनी एक धडकं केलं होतं. मेमरीच्या पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं घासल्या की मशीन शुद्धीवर येतं, थंडीत डिस्क अडकली तर कडेला हलकी थापटी मारायची, वीज कधी जाईल सांगता येत नाही म्हणून दर दहा नोंदींनी फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं... हे त्यांनी मला सांगितलं. मी, तज्ज्ञ घडवणारा माणूस, हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि ते करत काय होते? दवाखान्यातल्या नोंदवह्या टाइप करत होते. कुठल्या गावचं जनावर, कोणाचं, कधी आलं, काय झालं. गठ्ठेच्या गठ्ठे वह्या, वर्षानुवर्षं भरलेल्या, आणि वर पाठवायचा आकडा काढला की कोणीही पुन्हा न उघडलेल्या. आप्पांनी त्यात आपला एक रकाना वाढवला होता. खिडकीशी आलेल्या प्रत्येक धनगराला ते विचारायचे, "मेंढरांनी पाणी कुठं पिलं?"

यामागे एक बाई होती. सुभद्राबाई. नवरा वारलेला, पदरी दोन मुली आणि मेंढरांचा कळप. त्या भागात दर हिवाळ्यात मेंढरं मरत. आधी मलूल होत, जबड्याखाली सूज येई, मग एका सकाळी उठतच नसत. मेलेल्या मेंढीचं काळीज कापलं की आत चपटे किडे सापडत, हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ते येतात कुठून, हे विचारायची गरज कोणाला वाटली नव्हती. गावाला मात्र उत्तर सापडलं होतं. पहिल्यांदा मेंढरं सुभद्राबाईची मेली, म्हणून रोग तिच्या कळपाचा, बाईच पांढऱ्या पायाची. शेतात खतासाठी, धान्याच्या मोबदल्यात, मेंढरं बसवायला तिला कोणी बोलवेना. धनगराचा कळप शेतात बसला नाही तर त्याच्या चुलीवर काय शिजणार, याचा विचार सरपंचानं केला नाही. त्यानं तिला गावच्या शिवारातच यायला बंदी केली.

आप्पांनी सगळ्या नोंदी पाण्याच्या ठिकाणाप्रमाणे लावल्या आणि प्रिंटरमधून लांबलचक कागद काढला. मेलेली मेंढरं जवळजवळ सगळी एकाच तळ्याच्या दलदलीच्या काठावर पाणी प्यायलेली होती. त्यातले कितीतरी कळप सुभद्राबाईच्या कळपाच्या आसपासही गेले नव्हते. तिच्या स्वतःच्या मेंढरांत मरण आलं, ते ती त्या काठावर उतरली त्याच सालांत. किडा तिथल्या गोगलगाईंतून गवतावर येतो आणि गवतातून मेंढीत, हे डॉक्टरांच्या पुस्तकात होतंच. हे कोणतं तळं, एवढंच पुस्तकात नव्हतं. ते माझ्या टाकाऊ डब्यातून निघालं.

आप्पा कागद घेऊन पारावर गेले. सरपंच म्हणाला, "काय बे आप्पा, आता डबा सांगणार व्हय, मेंढरू काहून मेलं ते? आमाला काय डोळे न्हाईत?" लोक हसले. मग मोठेपणा दाखवत तो म्हणाला, जिल्ह्याच्या साहेबांनी या कागदावर सही केली तर बाईला येऊ देऊ. आप्पा दुसऱ्या दिवशी बीडला गेले.

पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये नवाकोरा संगणक होता. तो बसवला होता मी, आणि त्याची देखभालही माझ्याकडेच होती. देखभाल म्हणजे दसऱ्याला त्यावर वाहिलेलं हळदकुंकू कीबोर्डमधून झटकणं. इतर काही काम त्या यंत्राला नव्हतं. मी त्या दिवशी तिथेच चहा पीत होतो. आप्पा आत येऊन गेल्यावर साहेबांनी तो कागद दोन बोटांनी उचलून माझ्यासमोर धरला. "तुम्ही तज्ज्ञ ना? याला काही अर्थ आहे का?"

फिकट शाई, इंग्रजी अक्षरांत मोडकीतोडकी लिहिलेली मराठी नावं, कडेला भोकं असलेला कागद. मी तो वाचला नाही. पहिल्या चार ओळीसुद्धा वाचल्या नाहीत. मी हसलो आणि म्हणालो, "साहेब, तो डबा मीच फेकून दिलेला आहे. त्यावर काय भरोसा ठेवता!" साहेबही हसले. त्यांनी कागदावर लाल शाईत 'विश्वासार्ह नाही' असं लिहिलं, वर व्रणोपचारकानं आपल्या कामाशी काम ठेवावं, अशी तंबी जोडली. मी चहा संपवला. बिस्किटंही खाल्ली होती, हे मला अजून आठवतं.

सुभद्राबाई उरलेली मेंढरं आणि दोन मुली घेऊन पालीकडे, भावाच्या गावी निघून गेली. त्या हिवाळ्यात ती नसतानाही मेंढरं मेली. सरपंचाच्या भावाची सगळ्यात जास्त मेली. दोष द्यायला आता कोणी उरलं नव्हतं, तरी लोक देत होते, ती जाताना काहीतरी करून गेली म्हणून. आप्पांनी कोणाशी वाद घातला नाही. तीन धनगरांना मात्र त्यांनी आधीच कसंबसं राजी केलं होतं, तळ्याचा काठ सोडायचा, विहिरीचं पाणी डोणीत ओढून पाजायचं, आणि ते सांगतील त्याच महिन्यात औषध द्यायचं. त्या तिघांची मेंढरं त्या हिवाळ्यात जगली. पुढच्या हिवाळ्याआधी सरपंचाचा भाऊ आप्पांच्या खिडकीशी येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. त्याच्यामागून गाव आलं. डोळे असलेलं गाव!

मग आप्पा पालीला गेले. परतल्यावर त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा मनापासून हसताना बघितलं. ते म्हणाले होते, "बाई, तुमचं नाव साफ झालं. कागदावर हाय." त्यावर सुभद्राबाई म्हणाली, "मला पयल्यापासून ठावं हाय. तुमच्या कागदाला आता कळलं व्हय?" पण ती परत आली. पहिल्याच आठवड्यात सरपंचानं निरोप धाडला, मेंढरं माझ्या रानात बसवा. तिनं ती बसवली, बांधाच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या रानात. तीन दिवस. सरपंच रोज बांधावर येऊन बघून जायचा.

साहेबांना पुढे उपक्रमशील अधिकारी म्हणून शाल मिळाली. भाषणात त्यांनी तळ्याचा शोध सविस्तर सांगितला, आप्पांचं नाव तेवढं राहून गेलं. मी पहिल्या रांगेत होतो, टाळ्या वाजवल्या. एका पुढाऱ्यानं नंतर दवाखान्याला नवं मशीन भेट दिलं, फोटोसकट. व्हायरस लागून ते महिन्याभरात बंद पडलं. आप्पा निवृत्त झाले तेव्हा जुनं मशीन मोडीत निघायचं होतं, ते त्यांनी घरी नेलं आणि शेवटच्या आजारापर्यंत चालवलं; धनगरही मग घरच्या खिडकीशी येऊ लागले. माझा क्लास कधीच बंद पडला होता. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात, आणि तो धंदा माझ्या धंद्यापेक्षा प्रामाणिक आहे.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. गिरजाकाकूंनी, त्यांच्या पत्नीनं, पाणी दिलं. इतक्या वर्षांचं ओझं मला त्यांच्यासमोर उतरवायचं होतं. म्हणालो, "काकू, तो कागद साहेबांनी नाकारला, तो माझ्या शब्दावरून. आप्पांना मी कधी सांगितलं नाही."

काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं की. साहेबाच्या शिपायानं त्याच आठवड्यात सांगितलं."

"मग ते माझ्याशी कधी बोलले का नाहीत?"

"मी बी हेच इचारलं होतं." त्यांनी माझ्यापुढचा पेला उचलला. "म्हणले, त्या माणसानं हातातला कागद वाचला न्हाई. न वाचणाऱ्यावर काय रागवायचं?"

म्हणजे मी त्यांच्या रागाच्याही लायकीचा नव्हतो. त्यानंतरही सोमवारी येऊन माझ्यासमोर बसणारा, माझा चहा पिणारा तो माणूस मला केव्हाच ओळखून होता, आणि तरीही पुस्तिकेतली अडलेली वाक्यं माझ्यापुढे ठेवत होता. कदाचित मी एखादं तरी वाचीन म्हणून.

काकू आत गेल्या आणि मी आप्पांच्या खोलीत बसलो. खोली रस्त्याकडेची आहे, खिडकीला गज आहेत आणि गजांचा रंग हात लागून लागून उडालेला आहे. एक म्हातारा धनगर खिडकीशी आला. काठी भिंतीला टेकवून त्यानं आत बघितलं. टेबलावर वही होती, आप्पांच्या नोंदींखाली वेगळ्या अक्षरातल्या, काकूंच्या, ताज्या नोंदी होत्या. मी पेन उचललं आणि विचारलं, "कोणतं गाव?"

त्यानं माझ्या मागच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "काकू हाईत का?"

"आत आहेत. मला सांगा, मी लिहितो."

"नगं," तो म्हणाला आणि गजांना धरून उभा राहिला. "मी थांबतो. काकूला येऊ द्या."

काकू पदराला हात पुसत आल्या. मी त्यांना खुर्ची मोकळी करून दिली.