सडक्या संत्र्यातलं यीस्ट

सौंसरला मामाच्या बागेत मी झाडाखाली पडून फुटलेली संत्री वेचत होते. मामा बघतच राहिला.

"चांगले संत्रे सोडून सडके काहून वेचून राहिली वो?"

"आंबलेल्या संत्र्यात यीस्ट असते, मामा. मले तेच पाहिजे."

नागपूरच्या कॉलेजात माझं संशोधन नुकतंच सुरू झालं होतं. साखर मिळत राहिली की यीस्टची पेशी नुसते फुटवे काढते. उपाशी ठेवली की मात्र तिच्यात अर्धसूत्री विभाजन होतं, आणि इवल्याशा पिशवीत चार बीजाणू तयार होतात. मी माझं यीस्ट जिप्समच्या ओल्या वडीवर उपाशी ठेवलं. पाचव्या दिवशी पिशव्या दिसल्या. माझे मार्गदर्शक सर सूक्ष्मदर्शकातून पाहून म्हणाले, "हवेचे बुडबुडे दिसतात."

"बुडबुडे दर वेळी चारच कसे असतील, सर? मोजून बघा."

सरांनी मोजले. त्या दुपारपासून सूक्ष्मदर्शक माझ्याच टेबलावर राहिला.

कोणता गुण कोणत्या बीजाणूत गेला ते पाहायला आता चारही बीजाणू वेगळे करून वाढवायचे होते. त्यासाठी केसाहून बारीक सुई लागे. दिव्यावर काच तापवून, ओढून मी ती स्वतः करत असे. कितीतरी मोडल्या, पण हे काम मला जमणार याबद्दल कधी शंका आली नाही.

तेवढ्यात राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं पांढुर्णा, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. सरांना जबलपूरच्या कॉलेजात जायचा हुकूम आला. प्रयोगशाळेत खोकी भरली जाऊ लागली.

"तुम्हीही चला," सर म्हणाले. "तिथे नव्याने सुरुवात करू."

"नव्याने कशाला, सर? आठ दिवस थांबा."

बीजाणूंपासून वाढलेलं यीस्ट मी काहीच यीस्टना पचणाऱ्या एका खास साखरेच्या पाण्यात, वेगवेगळ्या नळ्यांत घातलं होतं. आठव्या दिवशी सरांना बोलावलं. एका पिशवीच्या चार नळ्यांपैकी दोन फसफसत होत्या, दोन गप्प. दुसऱ्या पिशवीच्याही दोन आणि दोन. तिसरीच्याही. ती साखर पचवण्याचा गुण एकाच जनुकावर अवलंबून होता आणि तो निम्म्यानिम्म्या बीजाणूंत वाटला गेला होता. सरांनी खाली बसून पुन्हा सगळ्या नळ्या पाहिल्या.

"बाई, हा तर तुमचा प्रबंधच झाला," ते म्हणाले.

महिन्याभराने मी इटारसीमार्गे जबलपूरला निघाले. बीजाणूंपासून वाढलेल्या वाणांच्या नळ्या कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवल्या होत्या. पांढुर्ण्याला बाबा फलाटावर आले होते. ते शाळेत गणित शिकवत.

"घरी दोन दिवस राहत नाहीस?"

"हे यीस्ट लवकर ताज्या अन्नावर घालायला हवं, बाबा."

त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "पत्रात लिहिलंस ते दोनास दोन प्रमाण येतेच म्हणतेस?"

"दर वेळी."

"मग जा," बाबा म्हणाले आणि खिडकीतून पाण्याचा फिरकीचा तांब्या आत दिला.

जबलपूरला पोचल्यावर सामान सोडायच्या आधी मी त्या नळ्यांतलं यीस्ट ताज्या अन्नावर घातलं. तिसऱ्या दिवशी सगळे वाण वाढले होते.