कत्तलबाई

कत्तलबाई माणसाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, पोटाकडे बघायच्या. दुर्गदबैलाच्या बाजारात कापड घेताना भेटल्या तरी नजर पदराखाली. "तोंड रोज बदलतं, अक्का. त्यात काय बघायचं?" म्हणायच्या.

कोप्पीकर रोडवर त्यांची सोनोग्राफीची खोली होती. आत कायम अंधार, पडद्याच्या उजेडात नुसती हनुवटी दिसायची. कानडीत कत्तल म्हणजे अंधार, म्हणून बायकांनी हे नाव पाडलं. यंत्र पोटावर टेकवण्याआधी त्या पोटाला विचारायच्या, "अदी एन?" आहेस का? मग थांबायच्या. उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायच्या आणि मगच कामाला लागायच्या. मला ते आवडत नसे.

माझी सून साताऱ्याची. पाचव्या महिन्यात तिला नेलं. बाईंनी विचारलं, थांबल्या, यंत्र फिरवलं आणि परत त्याच जागी आणलं. पडद्यावर बाळाच्या पोटाबाहेर दोरीच्या गुंत्यासारखं काहीतरी तरंगत होतं.

"आतडी बाहेर आहेत," बाई म्हणाल्या. "बेंबीशेजारी पोट मिटलेलं नाही. बाकी लेकरू चांगलं दिसतंय. जन्मल्याबरोबर ऑपरेशन लागेल. लहान मुलांचा सर्जन असेल तिथंच बाळंतपण करा. पुढच्या महिन्यात परत आणा हिला."

घरी मुलगा म्हणाला, "कत्तलबाई म्हणतात तसंच करू." सुनेनं तो शब्द मराठीत ऐकला. तिनं बॅग भरायला घेतली.

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. मी जाते. लेकराची कत्तल करणारीकडं मी परत पाय ठेवणार नाही."

तिच्या माहेरच्या गावात दवाखाना होता, सर्जन नव्हता. तिथं बाळ जन्मलं असतं तर गेलंच असतं. कत्तल म्हणजे अंधार, हे किती सांगितलं तरी तिला पटेना. शेवटी मी तिला ओढतच नेलं आणि तिच्यादेखत बाईंना सगळं सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. उठून त्यांनी ट्यूबलाइट लावली. एवढीशी खोली, भिंतीवर कॅलेंडर आणि उजेडानं डोळे चोळणारी एक म्हातारी.

"आता मी दिसते, लेकरू दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला बघायचंय, तूच सांग."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिवा घालवा."

सर्जन होता तिथंच नात झाली. तिची आतडी पारदर्शक पिशवीत घालून तिच्यावर टांगली होती, रोज थोडी थोडी आत सरकत होती. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा गेले नाही. शेजारचं तसलंच बाळ वाचलं नाही. आमचं वाचलं. तिला बेंबी नाही, तिथं पांढरी रेघ आहे.

गेल्या वर्षी बाई वारल्या. नातीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या पोटाला काय विचारायच्या, हेही तिला कुणी सांगितलेलं नाही. मी सुनेला दोनदा विचारून घेतलंय.

परवा संध्याकाळी वीज गेली. अंधारात पोर एकदम म्हणाली, "अदीनी." आहे मी.

तिला कुणी हाक मारली नव्हती. काड्याची पेटी माझ्या हातात होती. मी काडी ओढली नाही.